इटलीची गाडी, नगरचा मिस्त्री

विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, की ही तोफ मूळची आपल्या अहमदनगरची. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, १५४९ साली, ती नगरात ओतली गेली. वजन सुमारे पंचावन्न टन. ओतणारा कारागीर मुहम्मद हा रूमी, म्हणजे तुर्की मुलखातून आलेला. त्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे. पुढे १५९५-९६ साली मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडला, तेव्हा चांदबीबीने उभे राहून ते भगदाड रातोरात बुजवून घेतले. चांदबीबीचे नाव मुलामुलांच्या तोंडी राहिले आणि ते रास्तच आहे. पण त्या रात्री दगडमाती वाहणारे, तट पुन्हा उभा करणारे गवंडी आणि पाथरवट कोण होते, हे कोणत्याही तवारिखेत नाही. वस्तू घडवणाऱ्याचे नाव कधीमधी तरी टिकते, मोडलेली वस्तू पुन्हा चालती करणाऱ्याचे टिकत नाही.

या लेखाचा विषय त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी सुरू होतो. पण गाव तेच आहे आणि प्रश्नही तोच आहे. इटलीत जन्मलेल्या दुचाक्या आपल्या जिल्ह्यात आल्या, त्यांतली एक तर नगरातच बनू लागली. त्या कोणी आखल्या, कोणी बनवल्या, हे पुस्तकांत सापडते. त्या तीस-चाळीस वर्षे रस्त्यावर कोणी चालत्या ठेवल्या, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. ज्यांनी ठेवल्या त्यांत आपल्या समाजातल्या माणसांचा वाटा मोठा होता, म्हणून हे काम आपणच करायला हवे.

इटलीहून नगरपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात इटली हरली. तिथल्या पियाजिओ कंपनीचा पाँतेदेरा येथील विमानांचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता. विमाने बनवायची सोय उरली नव्हती आणि लोकांना कामावर जायला स्वस्त वाहन हवे होते. कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने १९४६ साली व्हेस्पा आखली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दास्कानिओला मोटारसायकल आवडत नसे. कपड्यांना तेल लागते, साखळीची कटकट असते आणि पंक्चर झाले की चाक काढणे जिकिरीचे, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली. इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडले आणि चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. चार-पाच नट काढले की चाक हातात येते. आपण ज्याला स्टेपनी म्हणतो ते जादा चाक पाच मिनिटांत बदलता येते, ते यामुळे. पुढच्याच वर्षी, १९४७ साली, मिलानच्या इन्नोचेंती कंपनीने लॅम्ब्रेटा काढली.

सांगायचा मुद्दा असा, की या गाड्या गरीब झालेल्या देशाने गरिबांसाठी बनवल्या होत्या. रस्त्यात बिघडतील हे धरूनच त्या आखल्या होत्या. अशी गाडी आपल्याकडे रुजली यात नवल नव्हते. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५५ पासून लॅम्ब्रेटा जोडायला घेतली. १९६०च्या सुमारास बजाजने पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा आणली. तो करार १९७१ साली संपला आणि पुढच्याच वर्षी त्याच घराण्यातली चेतक आली. लॅम्ब्रेटा बनवण्याची यंत्रसामग्री इन्नोचेंतीकडून विकत घेऊन सरकारने लखनौला स्कूटर्स इंडिया उभी केली.

नगरची गोष्ट १९७२ची. एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरच्या कारखान्यातून लुना बाजारात आणली. ती पियाजिओच्या चाओ या १९६७ सालच्या मोपेडवर आधारलेली होती. पन्नास सी.सी.चे एका सिलिंडरचे इंजिन, गिअर नाहीत, क्लच आपोआप लागणारा, आणि वर सायकलसारखे पायडल. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी यायचे. इटालियन भाषेत लुना म्हणजे चंद्र. चांदबीबीच्या गावात बनलेल्या गाडीचे नाव चाँद निघावे हा योगायोगच, पण नगरकरांना तो आवडावा असा आहे.

त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. हातात आलेली गाडी बिघडली म्हणून टाकून नवी घेणे हा पर्यायच नव्हता. लुनाने हा अडसर कमी केला आणि मोटारगाडीचे स्वप्नही न पाहणारी माणसे इंजिनाच्या वाहनावर बसली. दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून, मास्तर पिशवी लटकवून, बागवान भाजीची पाटी मागे बांधून निघू लागले. प्रवरा, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात वस्त्यावस्त्यांवर लुना गेली. एका माणसासाठी आखलेल्या त्या इंजिनावर तिघे बसले आणि वर पोतेही आले. साहजिकच गाडी बिघडू लागली, आणि जिथे जिथे ती बिघडली तिथे तिथे एक मिस्त्री उभा राहिला.

बिघाड ओळखण्याची शाळा

या मिस्त्र्यांपैकी बहुतेकांनी कंपनीचे छापील पुस्तक पाहिलेले नव्हते. पाहिले असते तरी ते इंग्रजीत होते. त्यांची शाळा म्हणजे उस्तादाची टपरी. आठ-दहा वर्षांचा पोरगा आधी नुसते नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचा, मग 'दहा-अकराचा पाना दे', 'पक्कड दे' एवढे ऐकायचा. मग पंक्चर, मग केबल, मग प्लग. इंजिन खोलायला मिळायचे ते चार-पाच वर्षांनी. आठ-दहा वर्षांच्या पोराने शाळा सोडून टपरीवर बसावे याचे कौतुक कोणी करू नये. पण जे ज्ञान तिथे मिळत होते ते अस्सल होते, हेही नाकारू नये.

त्या ज्ञानाला शिस्त होती. गाडी चालू होत नाही म्हणजे तीनपैकी एक गोष्ट नाही : करंट, पेट्रोल किंवा कॉम्प्रेशन. उस्ताद दख्खनीत सांगायचा, "पहले प्लग खोल, फिर बात कर." प्लग काढून त्याचे अंग सिलिंडरला टेकवायचे आणि किक मारायची. ठिणगी निळी आणि कडक असली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी असली तर रोग विजेचा. मग प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून पुन्हा किक. अंगठा जोराने उडाला तर कॉम्प्रेशन आहे. नाही उडाला तर पिस्टन-रिंग गेल्या, नाहीतर हेडचे पॅकिंग फुटले. आणि प्लग कोरडाठाक निघाला तर पेट्रोलच पोचत नाही, म्हणजे टाकीच्या झाकणाच्या हवेच्या भोकापासून कार्बोरेटरच्या जेटपर्यंत वाट तपासायची. तीन तपासण्यांना पाच मिनिटे पुरत आणि एक पान्याशिवाय हत्यार लागत नसे.

प्लगचा रंग वाचणे ही तर स्वतंत्र विद्या. दोन स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जळते. त्यामुळे आत काय चालले आहे हे प्लगच्या तोंडावर लिहिलेले असते. बदामी रंग म्हणजे तब्येत ठणठणीत. काळा आणि ओला म्हणजे ऑइल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, गाडी तापते आहे, आज ना उद्या पिस्टन धरणार. कधी कधी काजळीचा एक बारीक तंतू प्लगच्या दोन टोकांना जोडून बसतो आणि चालती गाडी भररस्त्यात गप्प होते. तो तंतू नखाने काढला की गाडी सुरू. ज्याला हे माहीत नाही तो सगळे इंजिन उतरवून ठेवील.

सायलेन्सरचेही तसेच. गाडी चढावर दम टाकते, पिकअप नाही, म्हणून गिऱ्हाईक इंजिनाचे काम करून मागायचा. जाणता मिस्त्री आधी सायलेन्सर उतरवायचा. ऑइलची काजळी आत थराथराने साचते आणि इंजिनाला श्वास सोडता येत नाही. सायलेन्सर जाळून, ठोकून साफ केला आणि सिलिंडरच्या तोंडाची काजळी खरवडली, की मेलेली लुना पुन्हा धावायची. हजार रुपयांचे काम पन्नास रुपयांत व्हायचे.

व्हेस्पा आणि चेतकमध्ये इंजिन उजव्या अंगाला असते. वजन एका बाजूला, म्हणून नवशिक्याला गाडी ओढते असे वाटते. सकाळी थंड गाडी एका बाजूला तिरपी करून मग किक मारण्याची सवय साऱ्या महाराष्ट्राला होती. लोक तिला चेष्टेने घेत, पण तिला कारण होते. तिरपी केल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल पातळी ओलांडून पुढे जाते आणि थंड इंजिनाला हवे असते तसे घट्ट मिश्रण मिळते. हे तत्त्व चोकचेच आहे. चोकची वायर तुटलेली असली तर हाताने केलेला चोक.

सर्वांत अवघड रोग ऑइल सीलचे. दोन स्ट्रोकच्या इंजिनाचे खालचे पोट हवाबंद असावे लागते, कारण मिश्रण आधी तिथे ओढले जाते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते. मग गाडी रेस सोडली तरी आपोआप तापटासारखी ओरडत राहते. लोक केबल बदलतात, कार्बोरेटर बदलतात, रोग तसाच राहतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे ऑइल इंजिन पिऊन टाकते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. कसलेला उस्ताद गिअर ऑइलचा बोल्ट सैल करून दोन थेंब बोटावर घ्यायचा आणि नाकाशी न्यायचा. पेट्रोलचा वास आला तर आतली भिंत फुटली आहे. इंजिन न खोलता केलेले हे निदान कोणत्याही चांगल्या वैद्याला शोभेल असे होते.

विजेचे दुखणे

यंत्राच्या दुखण्यापेक्षा विजेचे दुखणे फसवे, कारण ते दिसत नाही. या जुन्या गाड्यांना बहुधा बॅटरी नसे. फ्लायव्हीलमध्ये बसवलेली चुंबके कॉईलभोवती फिरतात, करंट तयार होतो आणि पॉइंट उघडल्या क्षणी प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. ती मोजायला टपरीवर नेहमी माप असेच असे नाही. पण ठिणगी नेमकी कधी पडते हे पाहण्याची एक जुनी युक्ती मिस्त्री वापरत. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा, फ्लायव्हील हळूहळू फिरवायचे, आणि कागद ज्या क्षणी सुटतो तो क्षण ओळखायचा. तिथे टायमिंगची खूण जुळली पाहिजे. नाही जुळली तर प्लेट सरकवायची.

गाडी थंड असताना छान चालते, तापली की बंद पडते, अर्धा तास झाडाखाली उभी केली की पुन्हा सुरू होते. या तक्रारीने कितीतरी गिऱ्हाइकांना रडवले असेल. याचे मूळ बहुधा कॉईल किंवा कंडेन्सरमध्ये असते. उष्णतेने कॉईलच्या आतले वेष्टण हार खाते. कंडेन्सर गेला असेल तर पॉइंट उघडताना तिथेच मोठी निळी ठिणगी उडते, पॉइंट जळून काळे पडतात आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. नुसते पॉइंट घासून देणारा मिस्त्री आठ दिवसांनी पुन्हा तेच काम करतो, पैसेही पुन्हा घेतो. कंडेन्सर बदलणारा एकदाच पैसे घेतो. गावाला दोघांतला फरक कळत असे. पहिल्याकडे गिऱ्हाईक एकदा जाई, दुसऱ्याकडे त्याचा मुलगाही जाई.

आणखी एक दुखणे अगदी लहानशा तुकड्याचे. फ्लायव्हील जिथे दांड्यावर बसते तिथे अर्धचंद्राच्या आकाराची एक बारीक चावी असते. फ्लायव्हीलचा नट सैल राहिला तर ती चावी कापली जाते आणि फ्लायव्हील थोडे सरकते. करंट आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे, तरी गाडी सुरू होत नाही, उलट किक पायावर आपटते. तिन्ही गोष्टी असून चालत नाही म्हणजे त्या वेळेवर येत नाहीत, हा तर्क करता येणारा पोरगा त्या दिवशी मिस्त्री झाला असे समजत.

दिवे थेट मॅग्नेटवर चालत. रेस वाढवली की उजेड वाढे, कमी केली की मिणमिणे. एक बल्ब गेला की त्याच्या वाटणीचा करंट दुसऱ्यावर येऊन तोही जळे. म्हणून जाणते मिस्त्री रात्री प्रवास करणाऱ्याला सांगत, मागचा दिवा गेला असेल तर आधी तो बदल, मग निघ.

ही माणसे कोण होती

अलुत्या-बलुत्यांच्या व्यवस्थेत आपल्या समाजाकडे पुष्कळशी हातांची कामे होती. नालबंद घोडे-बैलांना नाल ठोके, शिकलगार हत्यारांना धार लावी, पिंजारी कापूस पिंजे. घोडा गेला, तलवार गेली, कापूस गिरणीत पिंजला जाऊ लागला. हात मात्र राहिले. ज्यांच्याकडे शेती नव्हती आणि शिक्षण पोचले नव्हते त्यांच्या मुलांना गॅरेज ही एक जागा अशी होती, जिथे दाखला विचारला जात नव्हता. नगर तर वाहनांचेच शहर. लष्कराचे रणगाडा दलाचे केंद्र इथे, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आणि लुनाचा कारखानाही इथे. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान कामगारांचा वाटा ज्या धंद्यांत मोठा आहे त्यांत वाहनदुरुस्तीची नोंद केली आणि हा वाढता धंदा आहे असेही म्हटले.

असे असून आपल्या साहित्यात हा माणूस क्वचित दिसतो. आपण सूफी संतांवर लिहिले, निजामशाहीवर लिहिले, मराठीतल्या मुस्लिम संतकवींवर लिहिले, आणि ते लिहिणे आवश्यकच होते. पण ज्याच्या बोटांच्या रेषांत ग्रीस मुरले आहे, जो घरी दख्खनी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि इंजिनाशी या दोन्हींची मिसळ बोलतो, त्याचा इतिहास आपण इतिहासात धरला नाही. 'करंट', 'कचरा', 'पॉइंट', 'पिस्टन धरला', 'गाडी उचलत नाही' ही त्याची परिभाषा आहे. कोणत्याही परिभाषा कोशात न जाता ती नगरपासून नांदेडपर्यंत सर्वांना कळत होती.

बंद डबा

दोन स्ट्रोकच्या गाड्यांचा काळ प्रदूषणाच्या नियमांनी संपवला. २००० नंतर लुना आणि जुनी स्कूटर रस्त्यावरून उतरत गेली. कायनेटिकने इटलीच्या इटालजेट कंपनीकडून स्कूटरचे आराखडे घेतले आणि २००६ साली ब्लेझ आणली, पण दुचाकीचा धंदा २००८ साली महिंद्राकडे गेला. बारामतीला पियाजिओचा कारखाना निघाला. तिथून आधी आपे ही तीनचाकी आणि २०१२ पासून व्हेस्पा पुन्हा येऊ लागली. २०१६ साली कायनेटिकने एम.व्ही. अगुस्ता या इटलीच्या नामांकित मोटारसायकली भारतात आणल्या. २०१८ साली मोटोरॉयल या नावाखाली एफ.बी. मोन्दिआल आणि एस.डब्ल्यू.एम. याही आल्या. त्यांचे भाग पेटीबंद येऊन नगरात जोडले जाणार होते. ती विक्री मर्यादितच राहिली.

चाओच्या लुनापासून अगुस्तापर्यंतचा हा प्रवास एकाच गावाचा आहे. पण मिस्त्रीच्या दृष्टीने या दोन टोकांमध्ये मोठी दरी आहे. नव्या गाडीत कार्बोरेटर नाही, इंजेक्टर आहे. पॉइंट नाहीत. ठिणगी कधी पडायची आणि पेट्रोल किती सोडायचे हे एका सीलबंद डब्यातला संगणक ठरवतो. हवा, उष्णता, थ्रॉटल यांची खबर त्याला सेन्सर देतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि ही रचना साध्या दुचाकीतही आली. बिघाड काय आहे हे आता डबाच सांगतो, पण तो ज्याच्याकडे कंपनीचे स्कॅनर आहे त्यालाच सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना पुन्हा आली, ती विजेवर. तिला प्लगच नाही, मग प्लगचा रंग कोण वाचणार?

यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणते, जुनी विद्या गेली, रडून उपयोग नाही. दुसरे म्हणते, जुन्याच गाड्या बऱ्या होत्या. दोन्ही अपुरी आहेत. जुन्या इंजिनाचा धूर मुलांच्या छातीत जात होता, तो परत यावा असे कोणी म्हणू नये. आणि विद्या गेली म्हणणेही खरे नाही. उस्तादाने शिकवलेली खरी गोष्ट पॉइंटची फट नव्हती. लक्षण आणि कारण वेगळे काढायचे, स्वस्त शक्यता आधी तपासायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्याने शिकवले. सेन्सरच्या गाडीतही वायरचा जोड सैल असतो, अर्थ नीट लागलेला नसतो, कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले असते. स्कॅनर सेन्सर खराब म्हणतो आणि दोष निघतो वायरीत. तिथे जुना मिस्त्रीच कामाला येतो, फक्त त्याला मल्टिमीटर हातात घ्यावा लागतो आणि वायरिंगचा नकाशा वाचता यावा लागतो.

म्हणून काही गोष्टी आपण कराव्यात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारवाहनेही होती. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग कंपनीबाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाले पाहिजेत, ही मागणी वास्तविक आपल्या वस्त्यांची मागणी आहे. ती आपल्या संघटनांच्या ठरावांत यायला हवी. कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आली. वीस वर्षे पाना चालवलेल्या माणसाने ते घ्यावे आणि त्याच्या मुलाने दहावी करून आयटीआयचा दरवाजा ठोठवावा. बाप मिस्त्री असलेल्या मुलाला तिथला पहिला धडा आधीच पाठ असतो.

आणि तिसरे काम साहित्यिकांचे. जुने उस्ताद आता सत्तरीत आहेत. सर्जेपुऱ्यात, मुकुंदनगरात, श्रीरामपूर-संगमनेरच्या स्टँडमागे ते भेटतील. त्यांच्यापाशी बसावे. पहिली गाडी कोणती खोलली, कोणाकडून शिकले, कोणता बिघाड कसा ओळखला, मजुरी किती होती, कोणते हत्यार स्वतः बनवले, हे विचारून त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. कागदाच्या वर त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि त्यांच्या उस्तादाचे नाव लिहावे. मुहम्मद रूमीने आपले नाव धातूत कोरून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. या माणसांची नावे लिहून ठेवायला साधा कागद पुरेल. सवड मात्र लवकर काढायला हवी.